घरात कुणाला झाला होता का?

माझी मुलगी जर्मनीतल्या हॉस्पिटलात पडून असताना तिच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. हे पहिल्यांदाच लिहून टाकतो. मागं ठेवलं, तर मी सवयीप्रमाणे त्याच्याभोवती कारणांचं कुंपण घालत बसेन आणि वाचणाऱ्याला माझी दया यायला लागेल. ती मला नको आहे.

प्रश्न असा होता : घरात पूर्वी कुणाला टीबी झाला होता का?

मी म्हणालो, नाही.

झाला होता. मलाच झाला होता.

मी पारनेरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आठवीला रोगांचा धडा असतो. दरवर्षी मी फळ्यावर तीन रकाने आखतो : रोग, प्रसार, उपाय. क्षयापुढं लिहितो की, तो रुग्णाच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो आणि औषधं पूर्ण घेतली तर बरा होतो. ‘पूर्ण’ या शब्दाखाली पोरांकडून रेघ मारून घेतो. परीक्षेत हमखास येतं म्हणून सांगतो. असा हा माणूस. स्वतःला टीबी झाला तेव्हा त्यानं काय काय केलं, ते आता सांगतो.

मुलगी बारावीला होती. त्या हिवाळ्यात मला खोकला लागला तो दोन महिने हटेना. पहाटे पाचला उठून मी तिचं फिजिक्स घ्यायचो. बाहेरच्या खोलीत कॉटवर आम्ही दोघं समोरासमोर, मध्ये वही आणि थंडी म्हणून खिडक्या बंद. गणित सांगता सांगता मी खोकायचो. ती म्हणायची, “पप्पा, पाणी आणू का?” मी म्हणायचो, “तू गणिताकडं बघ.”

अंगातली पँट सैल व्हायला लागली तेव्हा मी नगरला एका खासगी डॉक्टरांकडं गेलो. गावात दवाखाने नव्हते असं नाही. सरकारी दवाखाना शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होता. पण तिथं केसपेपर काढायला उभं राहिलं, की मागं एखादा पालक उभा असतोच. “काय सर, काय होतंय?” एवढं त्यानं विचारलं की संध्याकाळपर्यंत गावभर. म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी एसटीनं नगर गाठायचो आणि घरी शिक्षणाधिकारी कार्यालयात काम आहे म्हणून सांगायचो.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि सांगितलं, टीबी आहे, घाबरू नका, सहा महिने गोळ्या घ्या. मग एक फॉर्म पुढं सरकवला. म्हणाले, “नोंद करावी लागते. आरोग्य खात्याचा माणूस घरी येईल, घरातल्यांची तपासणी करील. चांगलं असतं ते.”

घरी येईल, एवढंच मी ऐकलं. फॉर्मवर मी नाव खरं लिहिलं. पत्ता मात्र नगरमधल्याच सावेडीतल्या त्या खोलीचा टाकला, जिथं मी बी.एड.ला असताना भाड्यानं राहत होतो. महिन्याभरानं एका माणसाचा फोन आला. त्यानं माझं नाव घेतलं. मी म्हणालो, “राँग नंबर.” त्यानं पुन्हा केला. मी पुन्हा तेच म्हणालो, आणि वर आवाज चढवून म्हणालो, “कळत नाही का एकदा सांगितलेलं?” तो बिचारा माझ्या बायकोची आणि पोरीची तपासणी करायला निघाला होता. त्याला मी झापलं.

गोळ्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटात लिटमस कागदांच्या डब्यामागं ठेवायचो. त्या गोळ्यांनी लघवी लाल-नारिंगी होते. एकदा बायकोनं संडासात पाहिलं आणि दचकून विचारलं. मी म्हणालो, बीट खाल्लंय शाळेत. घरात मी सांगितलं होतं की छातीत कफ धरलाय, थंडीचा आहे. चौथ्या महिन्यात खोकला थांबला, वजन भरलं, भूक परत आली. मी नगरला जाणं बंद केलं आणि उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकून नळ सोडला.

याचं कारण म्हणून इतकी वर्षं मी माझ्या आत्याचं नाव घेत आलो. माझ्या लहानपणी तिला हा रोग झाला आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीतून आणून आमच्या दारात सोडली. ती गोठ्यालगतच्या खोलीत राहिली. तिची ताटली वेगळी, तांब्या वेगळा. ती गेल्यावरही कित्येक वर्षं आमच्या घरी कुणी चहा घेत नसे. उंबऱ्यावरूनच “आत्ताच झाला” म्हणायचे. हे सगळं खरं आहे. पण आत्याच्या वेळी घरातल्या माणसांना कळत नव्हतं. मला कळत होतं. मी तर ते शिकवून पगार घेत होतो.

पोरगी पुढं इंजिनीअर झाली आणि मास्टर्सला जर्मनीत गेली. गावात चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. त्यात तिच्याखाली माझाही फोटो होता. मी येता-जाता गाडी हळू करायचो, हेही कबूल करतो.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला बारीक ताप यायला लागला. फोनवर खोकला ऐकू यायचा. मी तिच्यावरच चिडलो. “नीट जेवत नसशील. पाव आणि कॉफीवर किती दिवस काढशील? डोक्याला काही बांधत जा म्हणून कितीदा सांगितलं?” ती म्हणायची, “पप्पा, इथं ऑगस्टमध्ये उकडतंय.” खरं सांगायचं तर तो खोकला कुठला, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं असावं. मी मोठ्यानं रागवत राहिलो, म्हणजे आतलं ऐकू येणार नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तिला ॲडमिट केलं. छातीत गाठी सुजल्या होत्या. थुंकीत काही सापडेना. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत एकटाच डबा खात होतो, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. पलंगावर बसलेली, हाताला सलाइनची सुई, चेहरा उतरलेला. शेजारी डॉक्टरीणबाई. माझ्यापेक्षा वयानं लहान असतील. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं, त्यामुळं पोरगीच दुभाषी.

“पप्पा, मॅडम विचारतायत, घरात पूर्वी कुणाला टीबी झाला होता का? इंडियातून आलेल्यांना विचारतातच. घाबरू नका.”

समोर ते कपाट होतं. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो.

“नाही,” मी म्हणालो. “आपल्या घराण्यात असलं काही नाही म्हणावं.”

“नक्की? आत्याआजीला काहीतरी होतं ना? मम्मी एकदा बोलली होती.”

“तिला दमा होता. तुझ्या मम्मीला काय माहीत? तुला काय झालंय ते त्यांना शोधता येत नाही म्हणून आपलं खानदान काढतायत का?”

ती हसली. तिकडं वळून इंग्रजीत म्हणाली, माझे वडील म्हणतात नाही. ते सायन्सचे शिक्षक आहेत. हे दुसरं वाक्य तिनं आपणहून जोडलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि कागदावर काही लिहिलं. मी काय लिहायला लावलं, ते मला कळत होतं.

छातीत गाठी सुजवणारा दुसराही एक आजार असतो. त्यावर स्टेरॉइड देतात. माझ्या उत्तरानंतर त्यांचं मत तिकडं झुकलं आणि त्यांनी त्या गोळ्या सुरू केल्या. टीबी असलेल्याला नुसत्या स्टेरॉइडवर ठेवलं, तर रोगाला रान मोकळं मिळतं. हे मी तेव्हाच मोबाईलवर वाचलं होतं. वाचलं, मोबाईल खिशात टाकला आणि पाचव्या तासाला नववीच्या वर्गावर गेलो.

पहिल्या आठवड्यात तिला बरं वाटलं. मी स्वतःला म्हणालो, बघ, टीबी नव्हताच. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, “काय सर, लेकीला जर्मनीची हवा मानवली नाही वाटतं?” मी त्याच्या अंगावर गेलो. “साधा व्हायरल आहे. तुम्हाला लई काळजी!” तो म्हणाला, “अहो, विचारू पण नाही का?” माणूस सरळपणे विचारत होता. आमच्याकडं आजार ही शरमेची गोष्ट करून ठेवली आहे आणि ती करणाऱ्यांत माझ्यासारखे शिकलेले सगळ्यांत पुढं आहेत. अडाणी माणूस निदान देवऋष्याकडं तरी जातो, चार लोकांत आपल्याला बरं नाही असं कबूल तरी करतो.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या फुप्फुसाभोवती पाणी झालं. बरगड्यांच्या मधून नळी घातली. दिवाळीची सुट्टी लागली होती. बायको स्वयंपाकघरात चकल्या पाडत होती आणि फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. पोरीचा आवाज दमलेला, वाक्यामध्ये थांबत बोलत होती. “मम्मी, उद्या छातीला भोक पाडून आतला तुकडा काढणारेत. तपासायला. मी सही केलीय. स्टेरॉइडचा डोस पण वाढवायचा म्हणतायत.”

बायको रडायला लागली. “येकटीच हाय गं तू तिथं. कुनाला धरून रडायचं तू?”

मला धैर्य आलं असं कुणी समजू नये. मला भीती वाटली. ती मेली तर हे मला एकट्याला माहीत असेल, अशी भीती. मी फोन हातात घेतला आणि म्हणालो, “मॅडमना बोलाव.”

“का?”

“बोलाव तू.”

डॉक्टरीणबाई आल्या. मी म्हणालो, “त्यांना सांग, घरात टीबी होता.”

“कुणाला?”

“मला.”

 “कधी?”

“तू बारावीला होतीस तेव्हा.”

डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. पोरीनं त्यांच्याकडं तोंड वळवलं आणि इंग्रजीत सांगितलं, माझ्या वडिलांना टीबी झाला होता, सहा वर्षांपूर्वी, मी त्यांच्याबरोबर एकाच घरात होते. तिचा आवाज अगदी सपाट होता, गणिताची रीत सांगावी तसा. त्यांनी काही विचारलं. ती वळली.

“औषध पूर्ण घेतलं होतं का?”

“नाही.”

“किती महिने?”

“चार. चारला थोडं कमी.”

तेही तिनं भाषांतर करून सांगितलं.

“कुठली औषधं होती? नावं पाहिजेत. अर्धवट सोडली असतील तर जंतू औषधाला दाद देत नाहीत असं होऊ शकतं, आणि ते माझ्यात आले असतील, असं म्हणतायत. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली होती का, विचारतायत.”

“नाही.”

“का नाही?”

“हे त्या विचारतायत?”

“नाही. मी विचारतेय.”

मी फोन बायकोकडं द्यायला लागलो. तिनं फोन बंद केला.

स्वयंपाकघरात तेल तापून धूर निघत होता. बायकोनं गॅस बंद केला. सोऱ्या तसाच हातात.

“बीट खाल्लंय म्हनलात तुमी मला,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आनखी बीट आनलं. म्हनलं, यांना मानवतंय, रक्त वाढंल. आन् तुमी बसून खाल्लंत!”

“अगं, मला वाटलं…”

“काय वाटलं? मी तुमच्या शेजारी झोपत हुते. मी मेले असते तरी चाललं असतं व्हय? मास्तरचं नाव खराब व्हायला नको, बास. त्या पोरीनं माज्या समोर तुमचं पाप तिकडच्या बाईला सांगितलं. तोंड हाय का तुमाला?”

त्या दिवाळीत आमच्याकडं फराळ झाला नाही. अर्धं पीठ तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी नगरला त्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी जुनी फाइल काढली, औषधांची यादी लिहून दिली आणि चष्मा काढून म्हणाले, “सर, तुम्ही यायचं बंद केल्यावर तुमच्या पत्त्यावर माझा माणूस दोनदा जाऊन आला. तिथं एक म्हातारी राहते. ती म्हणाली, असा भाडेकरू होता, पण त्याला जाऊन वीस वर्षं झाली.” मी मान खाली घातली नाही. का कुणास ठाऊक, मला त्यांचाच राग आला. तिसऱ्यांदा का पाठवला नाही माणूस? शाळेत का आला नाहीत हुडकत? बाहेर येऊन एसटी स्टँडपर्यंत मी चालत गेलो आणि वाटेत कळलं, की मी अजून माझं पाप ठेवायला दुसऱ्याचं घर शोधतोय.

यादी मिळाल्यावर तिकडं तुकडा काढायचं थांबवलं आणि टीबीचीच औषधं सुरू झाली. फुप्फुसाभोवतीच्या पाण्याची तपासणीही पुढं टीबीच सांगून गेली. जंतू औषधांना दाद देणारे निघाले, हे आमचं नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, दोन दारं ओलांडून आत जायचं, येणारा प्रत्येकजण मास्क लावून. पाच आठवडे ती त्या खोलीत होती. एक सेमिस्टर बुडालं. जिना चढताना अजून तिला मध्ये थांबावं लागतं.

त्या काळात ती रोज आईशी बोलायची, माझ्याशी नाही. मी तिला एक लांबच लांब व्हॉइस मेसेज पाठवला. आत्याची बैलगाडी, वेगळी ताटली, उंबऱ्यावरचा चहा, तुझ्या लग्नाची काळजी, समाज. शेवटी सॉरी. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, लिहून : “पप्पा, तुमच्या मेसेजमध्ये आत्याआजी सात वेळा आली. मी एकदा.”

मी चिडलो. एवढं मन मोकळं केलं तर पोरगी हिशेब करते. बायकोला मेसेज दाखवला. ती वाचून म्हणाली, “बरोबर मोजलंय.”

बायकोकडूनच मला कळलं, की तिथल्या आरोग्य खात्यानं पोरीकडून ती ज्यांच्या सोबत बसली-उठली त्या सगळ्यांची नावं घेतली होती. पत्रं खातं पाठवणारच होतं. पण तिनं त्या खोलीतून एकेकाला स्वतः फोन केला. वर्गातली पोरं, मेसमधल्या मुली, लायब्ररीत शेजारी बसणारा एक म्हातारा. मला टीबी आहे, तुम्ही तपासून घ्या. हॉस्टेलवर तिच्याबरोबर राहणारी एक मैत्रीण ओरडली तिच्यावर, दोघींची खोली सोडून गेली. आपल्याच पुण्याकडची पोरगी. तरी हिनं पुढचा नंबर लावला. परक्या मुलखात, नळी काढलेली जखम ओली असताना, तेवीस वर्षांच्या पोरीनं हे केलं. मला चालत दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात जाता आलं नव्हतं.

जानेवारीत मी बायकोला घेऊन त्या सरकारी दवाखान्यात गेलो. टीबीच्या खोलीत टेबलामागं जी बाई बसली होती, ती माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. “सर, या ना, बसा. मॅडमला काही त्रास आहे का?” मी म्हणालो, “मला होता. सहा वर्षांपूर्वी. गोळ्या अर्धवट सोडल्या. हिची कधी तपासणी केली नाही.” बाहेर बाकावर दोन पालक बसले होते. दार उघडं होतं. ते मी लावून घेतलं नाही. तिनं रजिस्टर ओढलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “सर, पत्ता खरा सांगा हं आता.” बायको हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली ती, आणि तेही माझ्यावर.

मला टीबी होता त्या वर्षी माझ्या वर्गात बसलेल्या पोरांची यादीही मी तिला दिली. हजेरीपट शाळेतच होता. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, आता कशाला उकरून काढता?” मी त्यांच्याशी भांडलो. हे एक भांडण मी बरोबर केलं. पोरांकडं जायला आरोग्य खात्याची माणसं वेळ लावतात, म्हणून काही घरी मी स्वतः गेलो. एका बापानं मला शिव्या दिल्या. त्या मी ऐकून घेतल्या.

बायकोच्या तपासणीत काही निघालं नाही. पोरीची औषधं पुढच्या उन्हाळ्यात संपली आणि डिसेंबरात ती सुट्टीला आली. विमानतळावर आईच्या गळ्यात पडली, मला “कसे आहात” म्हणाली. तीन दिवस घरात आम्ही पाहुण्यासारखे वागत होतो. चौथ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात धुतलेले कपडे वाळत घालत होती. मी बादली उचलायला गेलो. ती म्हणाली, “राहू द्या, मला जमतं.”

मी बादली खाली ठेवली.

“आज बोलायचंय मला,” मी म्हणालो.

“आत्याआजीबद्दल?”

“नाही.”

तिनं ओढणी दोरीवर टाकली, चिमटा लावला आणि माझ्याकडं तोंड केलं. मी वर्षभर जी वाक्यं जुळवत होतो, त्यातलं एकही मला तेव्हा सुचलं नाही, ते बरं झालं.

“मला माहीत होतं,” मी म्हणालो. “तुझा खोकला ऐकला तेव्हाच माहीत होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो आणि पुढं तीन आठवडे गप्प बसलो. त्या तीन आठवड्यांत तू मेली असतीस. गावात माझं नाव राहावं म्हणून मी तुझा जीव पणाला लावला होता. याला कारण दुसरं कुणीही नाही. माझं चुकलं, पोरी. मला माफ कर.”